पाहुणे इंदुरास आले असता

पुण्या-मुंबईचे, नागपूर-नाशिकचे आप्तेष्ट इंदुरास यावयाचे ठरले म्हणजे त्यांच्या पत्रात अथवा दूरध्वनीवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुमच्याकडे पाहण्यासारखे काय आहे?" आणि दुसरा, किंचित हलक्या आवाजात, "आणि खाण्यासारखे?" या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, आणि ते एकाच ठिकाणी, फार तर दीड कोसाच्या फेऱ्यात मिळते, हे आमच्या गावचे भाग्य होय. परंतु पुष्कळ यजमान पाहुण्यांस मोटारीत बसवितात, नव्या पलासियातील छप्पन दुकानांसमोर उतरवितात, एखादा नवा झगझगीत बाजार दाखवितात आणि रात्रीच्या गाडीने परत धाडतात. पाहुणे बिचारे घरी जाऊन सांगतात की, इंदूर म्हणजे रुंद रस्ते आणि शेव. छप्पन दुकानांविषयी आमची तक्रार नाही. तेथे नावाप्रमाणे दुकाने आहेत, जागा प्रशस्त आहे, बसावयास मिळते. पण ज्या गावास पाहुणा आला ते गाव राजवाड्याभोवती आहे, आणि ते पायांनी पाहावे लागते.

म्हणून आमची पहिली सूचना वाहनासंबंधी. मोटार घेऊन राजवाड्यापाशी जाण्याचा हट्ट धरू नये. त्या गल्ल्या पालखी, घोडा आणि बैलगाडी यांच्या मापाने बेतलेल्या आहेत. आज त्यांतून रिक्षा, दुचाक्या आणि माणसे यांचा जो एकत्र प्रवाह वाहतो तो पाहून नवख्याची छाती दडपते. वाहन दूर कोठे तरी ठेवावे आणि पायी निघावे. पायांत जुन्या वहाणा असाव्यात. नवे बूट घालून आलेल्या आमच्या एका पाहुण्यांनी शीतलामाता बाजारापर्यंत कशीबशी मजल मारली आणि पुढील सारे इंदूर त्यांनी एका कापडवाल्याच्या गादीवर बसून, आमच्या तोंडून ऐकून पाहिले.

दुसरी सूचना वेळेसंबंधी. सकाळी लवकर, साताच्या सुमारास, राजवाड्याच्या चौकात यावे. त्या वेळी समोरच्या बागेत अहिल्याबाईंच्या पुतळ्याभोवती कबुतरे उतरलेली असतात, दुकानांची कवाडे बंद असतात आणि सात मजल्यांचा तो दरवाजा प्रथमच सबंध दिसतो. दहानंतर तो गर्दीत बुडतो आणि वरचे मजले तेवढे डोके काढून उभे राहतात. खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे, हे पाहुण्यास बोट दाखवून सांगावे. मल्हारराव होळकरांनी 1747 च्या सुमारास हा वाडा बांधावयास घेतला. त्यानंतर तो तीनदा आगीत सापडला. 1801 साली सर्जेराव घाटग्यांच्या फौजेने शहर लुटले तेव्हा, पुढे 1908 साली आणि शेवटी 1984 च्या दंगलीत. त्या शेवटच्या आगीची हकीकत घरातील वडीलधारी माणसे अजून सांगतात. सांगताना त्यांचा आवाज उतरतो, आणि कोणता भाग कसा होता हे ती हवेत हाताने काढून दाखवितात. समोरची दर्शनी बाजू उरली होती. मागचा भाग नंतर पुन्हा उभारण्यात आला. आतला चौक आणि मल्हारी मार्तंडाचे देऊळ पाहिल्यावाचून मात्र परतू नये. पुष्कळजण दरवाजासमोर छायाचित्र काढून निघून जातात. त्यांनी राजवाडा पाहिला असे आम्ही मानीत नाही.

येथे पाहुण्यांचा एक गैरसमज हलक्या हाताने दूर करावा लागतो. अहिल्याबाई या वाड्यातून राज्य करीत होत्या असे बहुतेकांस वाटते. त्यांचा कारभार 1767 पासून 1795 पर्यंत चालला तो नर्मदातीरी महेश्वरास. इंदुरास राजधानी आली ती 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर. तेव्हा ज्यांना देवींचे स्थान पाहावयाचे आहे त्यांनी एक दिवस महेश्वरासाठी राखून ठेवावा. इंदुरात त्यांचे नाव आहे, पुतळा आहे आणि लोकांच्या तोंडी 'देवी' हा एकच शब्द आहे.

आता पोह्यांकडे वळू. कारण सकाळी साताला राजवाड्यावर आलेला मनुष्य इतिहासावर फार वेळ तग धरू शकत नाही.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसास "पोहे खाऊ या" म्हटले की त्याचा चेहरा थोडा पडतो. पोहे काय घरीही असतात! त्याच्या डोळ्यांसमोर आईच्या कढईतले, शेंगदाणे घातलेले, वर खोबरे-कोथिंबीर पेरलेले कांदेपोहे असतात. इंदुरी पोहे हे त्यांचे सख्खे भाऊ खरे, पण निराळ्या घरी वाढलेले. हे पोहे फोडणी देऊन एकदा सिद्ध झाले की उकळत्या पाण्याच्या भांड्यावर मोठ्या परातीत ठेवून वाफेवरच राखतात, त्यामुळे सकाळभर ते मऊ व उष्ण राहतात, कोरडे पडत नाहीत. त्यांत बडीशेप असते आणि साखरेचा किंचित गोडवा असतो. कांदा परतलेला नसून कच्चा, बारीक चिरलेला, वरून घातलेला. त्यावर शेव, कोथिंबीर, लिंबू, कोठे कोठे डाळिंबाचे दाणे, आणि सर्वांवर चिमूटभर जिरावण. हे जिरावण म्हणजे जिरे, धने, हिंग, सुंठ, आमचूर, काळे मीठ इत्यादींची पूड. माळव्याबाहेर याची खरी ओळख कोणास नाही, आणि माळव्यात ते ज्यावर पडत नाही असा पदार्थ विरळा. पोह्यांच्या शेजारी जिलबी. तिखट पोह्यांचा एक घास आणि गरम जिलबीचा एक तुकडा, हा क्रम पाहुण्यास प्रथम विक्षिप्त वाटतो. तिसऱ्या घासाला तो काही बोलेनासा होतो. त्या वेळी त्याला "कसे आहेत?" असे विचारू नये.

आमच्या घरी या विषयावर दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो की बाजारचे पोहे ते पोहे. दुसरा म्हणतो की बडीशेप घातलेला पदार्थ औषधात मोडतो. दोन्ही पक्ष रविवारी सकाळी राजवाड्यावर एकत्र दिसतात.

पोटाला आधार मिळाला की बाजार हिंडावा. एकेका धंद्याची एकेक गल्ली ही जुनी रीत येथे अजून बरीचशी टिकून आहे. बर्तन बाजारात पितळ-तांब्याचा खणखणाट, मारोठिया बाजारात मसाल्यांचा असा वास की शिंकल्याशिवाय गल्ली ओलांडता येत नाही, शीतलामाता बाजारात लुगडी आणि कापड, खजुरी बाजारात पुस्तके व वह्या. या शेवटच्या गल्लीत जून-जुलै महिन्यांत जाण्याचा प्रसंग आमच्या वाचकांपैकी बहुतेकांवर आलेलाच असेल. वाटेत गोपाळ मंदिर लागते. कृष्णाबाई होळकरांनी 1832 साली बांधविलेल्या त्या मंदिराच्या लाकडी खांबांच्या सभामंडपात दुपारीही गारवा असतो. इतवारिया बाजारातील काच मंदिर दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. सर सेठ हुकुमचंदांनी बांधविलेल्या या जैन मंदिरात भिंती, छत, खांब, जमीन सर्वत्र काचकाम आहे. लहान मुलांस ते फार आवडते. आम्हांस कृष्णपुऱ्याच्या छत्र्या अधिक आवडतात. कान्ह नदीकाठच्या या होळकर छत्र्यांचे नक्षीकाम संध्याकाळच्या उतरत्या उन्हात पाहावे. नदीकडे मात्र पाहुण्यांचे लक्ष फार वेळ जाऊ देऊ नये. पलीकडे महात्मा गांधी सभागृह, 1904 साली उभे राहिलेले. जुनी मंडळी त्याला घंटाघर म्हणतात.

संगीताची आवड असलेले पाहुणे असतील तर शीख मोहल्ल्याची वाट दाखवावी. लता मंगेशकरांचा जन्म 28 सप्टेंबर 1929 रोजी तेथे झाला. मूळ घर आज त्या स्वरूपात नाही, तेथे दुकान आहे. तरीही मनुष्य त्या गल्लीत क्षणभर थांबतो.

या हिंडण्यात एक गोष्ट आम्ही पाहुण्यास मुद्दाम ऐकवितो, ती म्हणजे तेथील बोली. दुकानदार 'भिया' म्हणून हाक मारतो, वाटाण्याला 'बटला' म्हणतो, मक्याच्या किसलेल्या पदार्थाला सरळ 'कीस' म्हणतो. पुण्याच्या आमच्या एका आतेभावाने एकदा आमच्या बोलण्यातील दोन-तीन हिंदी वळणे टिपून ठेवली होती आणि जेवताना ती एकेक करून वाढली होती. "तुम्ही इंदूरची माणसे मराठी बोलता, पण विचार हिंदीत करता," असे तो म्हणाला. त्याला आम्ही काही उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी बर्तन बाजारात घेऊन गेलो. तेथील एक वृद्ध मारवाडी दुकानदार आमच्या आजोबांच्या वेळेपासून आमच्याशी मराठीत बोलत आले आहेत. "या, बसा, पाणी घ्या. हे पातेले नको, याचे बूड हलके आहे," असे त्यांनी अस्खलित सांगितले, आणि आतेभाऊ गप्प झाला. या गावाने मराठी नुसती सहन केली असे नव्हे, वापरली. 1917, 1935 आणि 2001 अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने येथे भरली, ती काही शून्यातून भरली नाहीत.

परंतु आता त्याच गादीवर त्यांचा नातू बसतो. आम्ही मराठीत विचारतो, तो हिंदीत उत्तर देतो. त्यात त्याचा दोष कोणता? त्याच्याशी मराठीत बोलणारे गिऱ्हाईकच दिवसाकाठी किती येते? राजवाड्याभोवतीच्या वाड्यांतील मराठी कुटुंबे एकामागून एक बाहेर पडली. कोणी राजेंद्र नगरास गेले, कोणी लोकमान्य नगरास, कोणी त्याहूनही दूर नव्या वसाहतींत. वाड्यांच्या जागी इमारती झाल्या. आपल्या शाळेतील किती विद्यार्थी-विद्यार्थिनी राजवाड्याचा दरवाजा ओलांडून आत गेल्या आहेत, हे आम्ही एका वर्गात विचारले तेव्हा वर आलेले हात एका दृष्टिक्षेपात मोजता आले. सराफ्यात गेलेले मात्र सर्वच होते. असो. निदान तेवढी वाट तरी त्यांना माहीत आहे, आणि आम्ही आता तिकडेच निघालो आहोत.

दुपारी दाल-बाफले खावेत, पण बेताने. कारण पुढे रात्र आहे. बाफला म्हणजे बाटीचाच प्रकार, फरक इतकाच की तो आधी हळदीच्या पाण्यात उकडतात आणि मग भाजतात, म्हणून आतून मऊ राहतो. तो तुपात बुडवून येतो. यजमान आग्रह करील, दोनावर थांबावे. नंतर तास-दोन तास झोप घ्यावी. ही झोप आळसापोटी नव्हे, पूर्वतयारी म्हणून घ्यावयाची असते.

राजवाड्याच्या पाठीमागील सराफ्यात दिवसा सोने-चांदीचा व्यवहार चालतो. रात्री आठ-नवाच्या सुमारास सराफ दुकाने बंद करतात, आणि त्याच बंद दुकानांसमोर, त्याच पायऱ्यांवर आणि ओट्यांवर, कढया चढतात. हा क्रम कित्येक पिढ्यांचा आहे. रात्रभर माणसांचा राबता राहिला म्हणजे दुकाने सुरक्षित राहतात, म्हणून सराफांनीच हा बाजार वसू दिला असे सांगतात. ते काही असो, एका गल्लीने चोवीस तासांत दोन संसार करावेत आणि दोघांचे पटावे, हे आम्हांस फार मोठे वाटते.

सराफ्यात दहाच्या आत जाऊ नये, आणि वृद्ध माणसे बरोबर असल्यास दहानंतर फार थांबू नये. बसावयास जागा नाही, दोना हातात घेऊन उभ्यानेच खावे लागते. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळावा. दोघांत एक दोना घ्यावा. हा नियम मोडणारा मनुष्य तिसऱ्या दुकानापाशी हात टेकतो आणि उरलेली गल्ली नुसती पाहत चालतो. प्रथम भुट्ट्याचा कीस घ्यावा. कोवळी कणसे किसून, तुपाच्या फोडणीवर हिरव्या मिरचीसह परतून दुधात शिजवितात. वर खोबरे, कोथिंबीर, लिंबू. पावसाळ्यात, कणसे कोवळी असताना, याची चव निराळीच असते. मग खोबऱ्याचे सारण भरलेले बटाट्याचे पॅटिस. मग जोशांचे दहीवडे. तेथे दोना हवेत उडवून पुन्हा झेलण्याचा प्रकार पाहण्यास लोक जमतात, आणि एकाच चिमटीतून निरनिराळे मसाले वेगवेगळे सोडण्याची ती करामत पाहून मुले थक्क होतात. पण दही खरोखर चांगले असते, हे त्या गर्दीत कोणी सांगत नाही म्हणून आम्ही सांगतो.

हिवाळा असेल तर यापुढे एकच आज्ञा आहे, गराडू. हा आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद. त्याचे तुकडे तेलात तळतात, गिऱ्हाईक आले की पुन्हा कढईत सोडून कुरकुरीत करतात, आणि वरून जिरावण व लिंबू. बाहेरून कडक, आतून लोण्यासारखा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, अंगावर शाल, हातात चटके देणारा दोना आणि डोळ्यांत मसाल्याचे पाणी, अशा स्थितीत उभा असलेला इंदूरकर कोणाच्याही हेव्यास पात्र आहे. उन्हाळ्यात येऊन गराडू मागणाऱ्या पाहुण्याची समजूत घालणे कठीण जाते. त्याने पुन्हा यावे, हाच उपाय.

आमच्या आजीस बाजारचे खाणे मुळीच खपत नसे. उघड्यावरचे, कोणी केलेले कोण जाणे, असे तिचे म्हणणे. परंतु सराफ्यातील साबुदाण्याच्या खिचडीचा दोना एकादशीच्या रात्री कोणी घरी आणला तर ती "फराळाचेच आहे ना?" एवढे विचारून घेई, आणि मग वरची बटाट्याची शेव बाजूला काढून आधी तीच खाई.

गोडाकडे वळताना सावध असावे. तळहाताहून मोठा जिलेबा, रबडी, मालपुवे, मावाबाटी, हे सर्व एकाच रात्री चाखण्याची प्रतिज्ञा करणारे तरुण आम्ही पाहिले आहेत. दुसऱ्या दिवशी ते राजवाड्यास आले नाहीत. आमचे मत विचाराल तर एक मावाबाटी चौघांत घ्यावी आणि शेवटी शिकंजी. ही शिकंजी लिंबाची नव्हे. आटविलेले दूध, थोडे आंबूस मठ्ठ्याचे अंग, केशर, वेलची आणि सुका मेवा असे ते दाट, थंड पेय आहे. पेला लहान असला तरी पुरे.

अलीकडे या गल्लीत शेवया, चीज आणि परदेशी नावांचे कितीतरी पदार्थ शिरले आहेत. नव्यास आमचा विरोध नाही. जिलबी तरी कोणत्या काळी नवीनच होती. पण गल्लीची लांबी वाढत नसते. नव्या गाडीला जागा झाली की जुन्या कढईची जागा जाते, आणि कीस करणे वेळखाऊ असल्याने प्रथम तीच कढई उतरते. पाहुण्याने जे त्याच्या गावी मिळते ते येथे मागू नये, एवढी विनंती करावी. कोणती कढई राहावयाची हे अखेर मागणाऱ्यावर असते.

आणखी एक विनंती आवाजाची. या दुकानांच्या वरच्या मजल्यांवर अजून काही कुटुंबे राहतात. खाली गल्ली जागी असते तेव्हा वर कोणाची परीक्षा असते, कोणी आजारी असते. चालत्या गर्दीत उंच धरलेले भ्रमणध्वनी आणि आरोळ्या यांची त्यांना सवय झाली आहे असे म्हणतात. सवय झाली म्हणजे त्रास नाही असे नव्हे. दोना रिकामा झाला की तो डब्यातच टाकावा, आणि ओला कोणता, सुका कोणता हे पाहून टाकावा. 2017 पासून 2023 पर्यंत सलग सात वेळा स्वच्छतेच्या सर्वेक्षणात हे शहर देशात पहिले आले; येथे पाहुण्याने द्रोण रस्त्यावर टाकला तर शेजारचा अनोळखी मनुष्यही "भिया, डब्बा उधर है" म्हणून सांगतो. पाहुणे चपापतात. आम्हांस त्या वेळी फार आनंद होतो, पण तो आम्ही चेहऱ्यावर दाखवीत नाही.

रंगपंचमीस किंवा अनंत चतुर्दशीस येणार असाल तर हे सारे वेळापत्रक बाजूस ठेवावे. रंगपंचमीच्या गेरीत राजवाड्याच्या चौकात रंगाचे असे फवारे उडतात की सातवा मजलाही भिजतो. त्या दिवशी जुने कपडे घालून यावे आणि पांढऱ्या कपड्यांचा मोह असेल तर गच्चीत उभे राहावे. अनंत चतुर्दशीच्या रात्री देखावे निघतात. गिरण्यांच्या कामगारांनी ही प्रथा वाढविली. गिरण्या बंद पडल्या, तरी देखावे निघतात.

बारा-एक वाजता पाहुण्यांस घेऊन परतावे. रिक्षा सराफ्याच्या तोंडाशी न शोधता कृष्णपुऱ्याच्या पुलाकडे चालत जावे, तेथे ती लवकर मिळते. मागे कढया उतरू लागलेल्या असतात, झाडणारे कामगार आलेले असतात, आणि पहाटेपूर्वी रस्ता धुऊन निघतो. कारण सकाळी सराफांना त्याच पायऱ्यांवर गाद्या घालावयाच्या असतात.